आठवण आणि सेल

विसरणे हा यंत्राचाही धर्म आहे. निन्टेन्डोच्या १९८९ सालच्या ‘गेम बॉय’वर चालणाऱ्या ‘पोकेमॉन रेड’ या खेळाच्या कार्ट्रिजमध्ये ३२ किलोबाइटची स्मृतिचिप असते. अर्धवट राहिलेला डाव ती जपते; पण बटणाएवढ्या सेलच्या जिवावर! सेल संपला की पाटी कोरी. तिच्या जागी ‘एफरॅम’ चिप बसवली, तर विजेवाचून आठवण टिकते.

मामाच्या कार्ट्रिजमधला सेल अजून तग धरून होता. आत मामाचे नाव होते, त्याने खेळलेल्या तासांची नोंद होती. जुनी चिप उतरवताच ते सारे गेले असते. म्हणून आधी मी तो डाव संगणकावर उतरवून घेतला, मग चिप बदलली आणि डाव पुन्हा आत भरला.

आपल्या पोथ्याही अशाच टिकल्या. कागद अमर नव्हता. वेळेवर नक्कल करणारा कुणीतरी होता.