खांद्याला टेकणारे सोने

चेन्नईला गेलेला मराठी प्रवासी मरीनाचा समुद्र पाहतो, मैलापूरला कपालीश्वराचे दर्शन घेतो आणि टी. नगरमध्ये कांजीवरमची खरेदी करून परततो. त्याच टी. नगरच्या सराफांच्या गर्दीत, नातीच्या लग्नाचे दागिने घ्यायला गावाकडून आलेली एखादी आजी क्वचित नजरेस पडते. तिच्या कानाच्या पाळ्या लोंबून थेट खांद्याशी आलेल्या असतात. पाळीच्या भोकातून मनगट सहज जाईल, असे वाटते!

आपल्याकडे जड कुड्यांनी कान ओघळले की बायका हळहळतात आणि वेल लावून भार केसांवर घेतात. मदुराई, रामनाथपुरम, तिरुनेलवेली या भागांत मात्र कान मुद्दाम ओघळवले जात. मुलगी लहान असतानाच पाळीला छेद द्यायचा, त्यात कापसाची वळी घालायची आणि जखम भरली की शिशाच्या कड्या अडकवायच्या. कड्या वाढत जात, पाळी लांबत जाई. पोरीने किती रात्री कुशीवर न झोपता काढल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. भोक रुंद राहावे म्हणून ताडाच्या पानाची गुंडाळीही घालत. तमिळमध्ये पानाला 'ओलै' म्हणतात. कानातल्या दागिन्यालाही तेच नाव मिळाले.

मोठेपणी या कानांत तंडट्टी किंवा पाम्बडम येई. तंडट्टी चौकोनी, भरदार. पाम्बडमच्या नावात पाम्बू, म्हणजे साप आहे. पण दिसायला तो गोळे, घन, त्रिकोण एकमेकांवर रचल्यासारखा. एखाद्या आधुनिक शिल्पकाराने घडवावा तसा! आकाराने दांडगा असला तरी तो भरीव नसतो. पातळ सोन्याच्या पत्र्याच्या आत लाख भरलेली असते.

विसाव्या शतकात शाळा आल्या, शहराचे वारे आले आणि लांब कान गावंढळ ठरले. कित्येकींनी पाळ्या कापून शिवून घेतल्या आणि साध्या खड्याच्या कुड्या घातल्या. घरोघरच्या तंडट्ट्या मोडीत गेल्या, नातींच्या साखळ्या झाल्या. गावच्या म्हातारीचे मात्र हेच कानातले धन. ते तिच्यामागे कोणाचे, यावरून भावंडांत जुंपते. २०२३ साली आलेल्या 'तंडट्टी' या तमिळ चित्रपटात मृत आजीच्या कानातली तंडट्टीच नाहीशी होते आणि शोधायची वेळ एका पोलिसावर येते. भूमिका पशुपतीची.

लांब पाळ्यांचे जुने वैभव पाहायचे तर एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात जावे. ते १८५१ मध्ये सुरू झाले. तिथल्या कांस्यदालनात तिरुवालंगाडूचा नटराज आहे, तिरुवेंकाडूचा अर्धनारीश्वर आहे. गर्दी सहसा नटराजाच्या पायांकडे पाहत पुढे सरकते. जरा थांबून कान पाहावेत. नटराजाच्या एका कानात पुरुषाचे भूषण, तर दुसऱ्यात स्त्रीचे!

संग्रहालय एग्मोर स्टेशनपासून जवळ आहे. शुक्रवारी ते बंद असते.