काळ्या-पांढऱ्या जर्सीचं मैदान

फुटबॉलमध्ये तुमचा क्लब कोणता, असं कुणी विचारलं आणि मी 'मोहामेडन स्पोर्टिंग' म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो. मग हसून म्हणतो, "साहजिकच आहे!" मँचेस्टर किंवा बार्सिलोना सांगणाऱ्याला असं उत्तर मिळत नाही. माझ्या नावावरून माझी आवड ठरवली की त्याचा विषय संपतो.

माझा क्लब मात्र मला कूपरेजवरून मिळालाय. नाना माझगावच्या गोदीत कामाला होते. रोव्हर्स कप तेव्हा मुंबईत कूपरेजवर व्हायचा. 1956 साली मोहामेडननं तो जिंकला, तेव्हा नाना त्या गर्दीत उभे होते. त्या सामन्याचं वर्णन त्यांनी इतक्यांदा केलं की आम्हा नातवंडांना तो पाठ झाला. नाना स्वतः कधी कोलकात्याला गेले नाहीत. मी गेलो, 2023च्या पावसाळ्यात.

धर्मतल्ल्याला मेट्रोतून उतरलो, टिपू सुलतान मशिदीत जोहरची नमाज पढलो आणि मैदानाकडं चालू लागलो. कोलकात्यात 'मैदान' म्हणजे शहराच्या मधोमध पसरलेलं मोठं हिरवं माळरान. ही जमीन लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळं इथं कुणालाही पक्कं, मोठं बांधकाम करता येत नाही. क्लबांच्या ठिकाणांना लोक आजही 'तंबू'च म्हणतात. टीव्हीवर युरोपातली स्टेडियमं पाहिलेल्या माणसाला मोहामेडनचं मैदान फार साधं वाटेल. साध्या गॅलऱ्या, बाहेर चहावाला, सगळीकडं चिखल.

हा चिखलही या क्लबच्या इतिहासाचा भाग आहे. 1911 साली मोहन बागाननं अनवाणी खेळून गोऱ्यांच्या संघाला हरवलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण कोलकात्याची लीग पावसाळ्यात चालायची, आणि ओल्या मैदानावर बूटवाल्यांपुढं अनवाणी पाय घसरायचे. 1891 साली स्थापन झालेल्या मोहामेडननं ओल्या मैदानासाठी खेळाडूंच्या पायांत बूट घातले आणि बंगळूरपासून क्वेट्टापर्यंत चांगले खेळाडू शोधून आणले. 1934 साली ही लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मग 1938पर्यंत सलग पाच वर्षं लीग त्याच्याकडंच राहिली. याच क्लबचा मोहम्मद सलीम 1936 साली थेट स्कॉटलंडला गेला आणि सेल्टिककडून अनवाणी खेळला. 1940 साली मोहामेडननं ड्युरँड कपही जिंकला.

सामना सुरू असताना शेजारी एक म्हातारे चाचा बसले होते. "कहाँ से आए हो?"

"महाराष्ट्र से."

"इतनी दूर से? फिर तो चाय हमारी तरफ से."

चहा पिता पिता कळलं की फाळणीनंतर त्यांचे दोन चुलते ढाक्याला गेले. त्यांचे वडील इथंच राहिले. मी विचारलं, "ते का गेले नाहीत?" चाचा हसले. "अब्बा कहते थे, अगले साल लीग तो यहीं होनी थी."

त्यांनी ते गमतीत सांगितलं, पण मला ती तारीख आठवली. 1948. फाळणीनं क्लबचे खेळाडू विखुरले, पाठीराखे विखुरले, आणि पुढच्याच वर्षी मोहामेडननं लीग जिंकली. कोण कुठला, हा प्रश्न गल्लोगल्ली विचारला जात होता, तेव्हा राहिलेली माणसं याच चिखलात खेळत होती. मला वाटतं, त्यांनी उत्तर दिलं ते असं. भाषण न करता.

आमच्या पुढच्या पायरीवर काळा-पांढरा गमछा गळ्यात घातलेला एक तरुण ढोल बडवत होता. त्याच्या मनगटावर लाल धागा होता. मैदानावर मिझोरामची पोरं होती, बंगालची होती. चेंडू बारवर आदळला तेव्हा चाचांनी आणि त्या तरुणानं एकाच वेळी डोक्याला हात लावला. त्याला "साहजिकच आहे" असं कोण म्हणणार?

पुढच्याच मोसमात, एप्रिल 2024 मध्ये, मोहामेडननं पहिल्यांदा आय-लीग जिंकली. मी घरी एकटाच ओरडलो. नाना असते तर त्यांनी मला गप्प बसवून पुन्हा छप्पनचा सामना सांगायला घेतला असता.