राई

बेंगळूरच्या लालबागेत उन्हाळ्यात आंब्या-फणसांचा मेळा भरतो. परवा नातीला घेऊन तिथे गेलो. ती इथेच जन्मलेली. शाळेत कन्नड, घरी मराठी. बोलता बोलता मी ‘आमराई’ म्हणालो. तिने विचारले, “आजोबा, आमराई म्हणजे माविन तोटच ना?” मी ‘हो’ म्हटले, पण मन त्या उत्तरावर स्थिरावले नाही.

ज्या बागेत आम्ही उभे होतो, ती 1760 मध्ये हैदर अलीने घालायला घेतली. ‘बाग’ हा शब्द फारसी. दख्खनेतल्या राजवटींबरोबर तो मराठीत आला आणि इतका रुळला, की ‘फळबागे’तही परका वाटत नाही. ‘वाडी’ मात्र संस्कृत ‘वाटी’-‘वाटिके’ची लेक. तिच्या पोटात कुंपण आहे. कोकणात नारळी-पोफळीच्या लागवडीला ती अजून शोभते. ‘आमराई’चे मूळ ‘आम्रराजि’ असे अभ्यासक सांगतात. राजि म्हणजे ओळ. या शब्दात कुंपण नाही. झाडापुढे झाड आहे, एवढेच.

आमची राईही तशीच होती, बिनकुंपणाची. सावलीला वाटसरू बसत, पाडाला पोरे येत. कोणी कोणाला हटकीत नसे. पुढे कालव्याचे पाणी आले. भावाभावांत वाटण्या झाल्या. आंबा एक वर्षाआड धरतो, ऊस दरवर्षी पैसा देतो, हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा होता. मलाही पटला. संमतीच्या कागदावर माझीही सही आहे.

झाडे लाकडाच्या भावाने गेली. आणि ज्या वर्षी शेवटचे झाड पडले, त्या वर्षी ती जमीन सरकारदरबारी ‘जिराईत’ची ‘बागाईत’ झाली. ‘बागाईत’ हा शब्द ‘बागे’पासूनच आलेला. बागेचे नाव जमिनीला मिळाले, ते झाडे गेल्यावर!

सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. आमच्या उताऱ्यावर तिथे अजून ‘आमराई’ असेच लिहिलेले आहे. ते खोडावे असे कोणाला सुचले नाही.

परतताना नातीला म्हणालो, “तोट म्हणजे बाग. राई म्हणजे ओळ.”

“कुणी लावलेली?”

“माझ्या आजोबांनी.”

“मग आता आपण जाऊ या ना पाहायला!”

मी तिचा हात धरून रस्ता ओलांडला. उत्तर अजून द्यायचे आहे.