चिरंजीवांचं मुंडण

मैत्रिणींनो, वडील धडधाकट असताना मुलानं डोक्यावरचे केस उतरवलेले तुमच्या घरी चालतील का? आमच्या घरी तर मुळीच नाही. म्हणूनच श्रावणात मोबाइलवर धाकट्याचा फोटो आला आणि माझी कणीक परातीतच राहिली. तुळतुळीत डोकं, तोंडाला काळं, आणि स्वारी चक्क हसतेय!

तो बोटीवर कॅडेट आहे, म्हणजे शिकाऊ. किनाऱ्यावरचा अभ्यास झाला, आता दीड वर्ष बोट हीच शाळा. तुम्हाला वाटेल, फुकटात जगाची सफर! अहो, कसली सफर? पहाटे चार ते आठ पहारा, संध्याकाळी पुन्हा चार ते आठ. मधल्या वेळात हातोडीनं गंज ठोकून काढायचा, रंग लावायचा, आणि केलेलं काम वहीत नोंदून वरिष्ठांची सही घ्यायची. घरी पाण्याचा तांब्या न उचललेला मुलगा हा! मी दिलेलं मेतकूट तेवढं पुरवून खातो.

बोट सिंगापूरहून ऑस्ट्रेलियाकडे निघाली होती. तिथून विषुववृत्त दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. ही रेषा पहिल्यांदा ओलांडणाऱ्यानं दर्याच्या राजापुढं हजर व्हायचं, ही खलाशांची शेकडो वर्षांची रीत. दाढी चिकटवून, त्रिशूळ घेऊन फिटर झाला राजा. मिशाळ आचारी पडदा नेसून राणी झाला! आमच्या चिरंजीवांचा गुन्हा काय, तर पहाऱ्यावर जांभया दिल्या. शिक्षा म्हणून कडू-तिखट काढा, अंगाला ग्रीस, मुंडण आणि खाऱ्या पाण्याची आंघोळ. शेवटी तारीख घातलेलं प्रमाणपत्र.

मी फोनवर कडाडले, "मोठ्यांनी लहानांचे हाल करायचे, ही कुठली रीत?"

"अगं आई, कॅप्टनसाहेबांनी आधी विचारलं होतं. एकजण नको म्हणाला, त्याला कुणी हात लावला नाही. आणि १८३२ साली डार्विनलासुद्धा सोडलं नव्हतं! डांबर नि रंग फासून लोखंडी पट्टीनं दाढी खरवडली होती."

विचारलं होतं, हे ऐकून जीव थोडा खाली बसला. थोडाच. पूर्वी या थट्टेत माणसं जखमी झाली आहेत, जिवानिशीही गेली आहेत. जुनी म्हणून रीत बरी, असं मला वाटत नाही. पण उखाणा अडला म्हणून नणंदांनी मला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवलं होतं, ते आठवलं. मला कुणी विचारलं नव्हतं. त्याच नणंदांनी रात्री माझे सुजलेले पाय चेपले होते.

"मग पुढं काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. पहिले दोन महिने मी एकटाच जेवायचो. आता हाक मारतात."

हे त्यानं कधी सांगितलंच नव्हतं, बाई.

फोटो मी दोन दिवस लपवला. शेवटी सासूबाईंनी पाहिलाच. त्यांचं माहेर रत्नागिरीचं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "पुनवेला आमच्याकडे दर्याला नारळ देतात. ह्यानं केस दिले. वाढतील." आणि वाती वळायला लागल्या.

आमचे हे दिवसभर गप्प होते. रात्री मात्र फोटो मागून घेतला, चष्मा पुसून पाहिला नि म्हणाले, "कान माझेच आहेत की गं!"