टाच टेकू का नको

गेल्या पावसाळ्यापासून मी पोरांपुढे पळून दाखवणं बंद केलंय. टाचेमागची जाड शीर आखडली आहे. गुडघा पुढे झुकवायला गेलो की घोटा मध्येच अडतो आणि टाच उचलली जाते. साठीनंतर हे व्हायचंच. पण मला जे शिकवायचं असतं ते नेमकं त्या अडलेल्या जागीच घडतं, आणि आता ते तोंडानं सांगायची पाळी आली.

पाय कसा पडतो यावर सगळे तावातावानं बोलतात. पडल्यानंतर घोटा काय करतो, याचं कुणाला काही नाही. पाय जमिनीवर असतो जेमतेम पाव सेकंद. टाचेवर पडणाऱ्याचा पंजा तेव्हा नडगीकडे ओढलेला असतो. टाच टेकली की घोटा आधी उलगडतो, पंजा खाली येतो, मग नडगी त्यावरून पुढे कलते आणि घोटा मिटतो. चवड्यावर पडणाऱ्याच्या घोट्यात ते पहिलं उलगडणं नसतंच. तो उलगडलेलाच येतो, टेकल्याक्षणी मिटायला लागतो आणि टाच मागून उतरते. एकाचा पंजा नडगीपुढचा स्नायू सावकाश सोडतो, दुसऱ्याची टाच पोटरी सोडते. विहिरीत पोहरा सोडताना दोर जसा तळहातातून सरकू द्यावा, तसं. घट्ट धरला तर पोहरा लटकतो, हात काढला तर आपटतो.

हे सरकू देणं कसं शिकवायचं, तिथं माझी गाडी वर्षानुवर्षं अडते. ‘चवड्यावर पड’ म्हटलं की पोरगं बोटं खाली रोखतं, घोटा आवळतं आणि टाच अधांतरी ठेवून पळतं. मग पोटरी धरते. ‘टाच सोड’ म्हटलं की धपकन आपटतं. ‘सैल ठेव’ म्हटलं तर खांदे सैल सोडतं!

माण तालुक्यातून आलेली एक मुलगी सरळसरळ टाचेवर पडते. एकदा वैतागून म्हणाली, “सर, टाच टेकू का नको, तेवढं एकदा सांगा की.” मी तिला यवतेश्वरच्या घाटात नेलं. चढाला तिचा पाय आपसूक चवड्यावर आला, उताराला पुन्हा टाचेवर गेला. तिला दोन्ही वेळा काही बदललंय असं वाटलंच नाही. तेव्हापासून तिच्याशी मी पायाबद्दल बोलत नाही. टांग आखूड टाक, पाय फार पुढे फेकू नको, बस. टाच अजून टेकते, पण घोटा हळू उलगडतो.

शहरातल्या एका तरुण कोचला हे पटत नाही. त्याच्या फोनवर सेकंदाला २४० चित्रं निघतात आणि त्याला प्रत्येक जण चवड्यावर हवा असतो. हे खूळ २०१० नंतर जास्त बळावलं. त्या वर्षी डॅनियल लीबरमन यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. अनवाणी, चवड्यावर पडणाऱ्याला टेकतानाचा धक्का कमी बसतो, हे त्यात दाखवलं होतं. पण भार जातो कुठे? गुडघ्यावरून हलला की घोट्यावर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. माझ्या शिरेला विचारा. २००४ साली जपानात साप्पोरोच्या अर्धमॅरेथॉनमध्ये पंधराव्या किलोमीटरवर २८३ धावपटूंची पावलं टिपली, त्यातले तीनचतुर्थांश टाचेवर पडत होते. ते काही हौशे-गवशे नव्हते. पुढच्या घोळक्यात मधल्या तळव्यावर पडणारे जरा जास्त होते, असं तो लगेच ऐकवतो. तेही खरंच आहे. हल्लीची पोरं वाचून येतात, हा एक त्रासच.

माझा कान मात्र शाबूत आहे. टाचेवर पळणारा दमला की नडगीपुढचा स्नायू पंजा धरून ठेवत नाही. पावलाचे दोन आवाज येतात: टाचेचा बोदा, मागोमाग पंजाची चपराक. घड्याळात वेळ घसरायच्या आधी मला ते कळतं. बाहेरचे कोच आले की मी मुद्दाम ट्रॅककडे पाठ करून खुर्ची मांडतो आणि कोण दमलाय ते नावानिशी सांगतो. तो तरुण फोनवर तपासतो आणि मान डोलावतो. मी फक्त ओळखीच्या पोरांचीच नावं घेतो आणि नवखा पळायला लागला की चहा मागवतो, हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.