वेगळी चूल, एकच अंगण

सिल्वासातल्या आमच्या सोसायटीत दर गणपतीत ज्येष्ठांचा सत्कार होतो. शाल, नारळ, एक फोटो. तरुण मुलं वाकून नमस्कार करतात, ज्येष्ठ तोंडभर आशीर्वाद देतात, आणि पुढल्या गणपतीपर्यंत दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. मुलं वाईट नाहीत. म्हातारेही खडूस नाहीत (एखाददुसरा सोडून). त्यांची सहज गाठ पडावी अशी जागाच इमारतीत नाही. तळमजला पार्किंगने खाल्ला, जिन्यावरची वर्दळ लिफ्टने संपवली, आणि एसी आल्यापासून दारं कायमची लागली.

तसं हे शहर तरुणांचंच. करसवलतींमुळे इथे सूत आणि प्लास्टिकचे कारखाने आले, त्यांच्यामागे देशभरातून मुलगे आले. २०११च्या जनगणनेत आमच्या दादरा आणि नगर हवेलीत हजार पुरुषांमागे फक्त ७७४ स्त्रिया निघाल्या. या आकड्यामागे गावी राहिलेल्या बायका आहेत, तसेच मोजणीत न दिसणारे गावी राहिलेले आईबापही. कारखान्यांजवळच्या चाळींत एकेका खोलीत अनेक मुलं दाटीवाटीने राहतात. एक पाळी झोपलेली असते तेव्हा दुसरी कामावर. ताप आला तर ‘आज जाऊ नकोस रे’ म्हणणारं कुणी नसतं. आणि इकडे फ्लॅटमध्ये दुपारभर एकट्या बसलेल्या आजींना पाण्याचा जार उचलून द्यायला कुणी नसतं. दोघांमध्ये अंतर रिक्षाने जाण्याइतकं. पण सोसायटीचा नियम असा की बॅचलरला जागा द्यायची नाही!

शहराबाहेर खानवेलकडे गेलं की वारली आदिवासींचे पाडे लागतात. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप. शहरी माणूस समजतो की इथे एकत्र कुटुंब नांदत असणार. बहुतेकदा तसं नसतं. लग्न झालेला मुलगा घर वेगळं बांधतो, चूल वेगळी मांडतो. मात्र बांधतो ते आईबापाची हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर. नातवंडांना दोन्ही घरं आपलीच. बिनसलं तर ज्याने त्याने आपापल्या दाराआड जावं. एकत्र कुटुंबाच्या आठवणीने आपल्याला जे उमाळे येतात, त्यांच्यापेक्षा या मांडणीत मला जास्त शहाणपण दिसतं.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईत, बेलापूरला, हेच जाणून घरं आखली. एका छोट्या अंगणाभोवती सात घरं. अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरं आणि त्यांचं मिळून एक मोठं अंगण. कुणाची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही, त्यामुळे मुलाचं लग्न ठरलं की मजला चढवायला मोकळीक. पुढे अनेकांनी मूळ घरं पाडून मोठे बंगले बांधले. मला त्यात योजनेचा पराभव दिसत नाही. घर कुटुंबाबरोबर वाढावं हीच तर योजना होती.

ही झाली नात्यातली माणसं. परक्यांसाठी म्हणाल, तर नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहरात ह्युमॅनिटास या वृद्धनिवासाने विद्यार्थ्यांना फुकट खोल्या दिल्या. अट एवढीच, महिन्याला तीस तास चांगल्या शेजाऱ्यासारखं वागायचं. कल्पना छानच आहे. तासांचा हिशेब मला जरा खटकतो, पण आमच्या ‘बॅचलरला जागा नाही’पेक्षा तो शंभर पटींनी बरा.

अंगण हवं म्हणताना जुन्या घरांपुढच्या ओट्याचं मात्र फार कौतुक नको. सून कधी बाहेर पडली, कधी परतली, याची नोंद त्याच ओट्यावर होत असे. आणि ओट्यावर कुणी बसायचं, खाली कुणी उभं राहायचं, हे जात ठरवत असे. अंगण सगळ्यांचं हवं, तशी आपल्या दाराची कडी आपल्या हातात हवी. आज आपल्याकडे कडी तेवढी आहे.

इमारती पाडून पुन्हा बांधणं आपल्या हातात नाही. पण सोसायटीच्या पुढच्या सभेत दोन ठराव तर मांडता येतील. पार्किंगमधली दोन गाड्यांची जागा मोकळी करून तिथे पाठ टेकता येईल असे बाक आणि एक दिवा लावा. आणि पाळीवर जाणाऱ्या मुलांना खोली नाकारणारा तो नियम रद्द करा.