मॅच कुठं लागलीया?

कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही नावे मूळची कुस्तीच्या तालमींची. शाहू स्टेडियमवर मात्र ती फुटबॉल संघांची म्हणून दुमदुमतात. अशा गावात ‘मॅच कुठं लागलीया?’ हा प्रश्न घरच्या खुशालीइतकाच सहज विचारला जातो.

1986 साली त्याला एकच उत्तर होते: दूरदर्शन, आणि ज्याच्याकडे संच असेल त्याचे घर. 29 जूनला मेक्सिकोतला विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला. पेठेतल्या एका मास्तरांच्या सोप्यात गल्ली लोटली होती. बाहेर पाऊस होता आणि वाऱ्याने अँटेना फिरत होता. मास्तरांचा जिवलग, एका तालमीच्या संघाचा गोलरक्षक, पोत्याची खोळ घेऊन कौलांवर चढला आणि अँटेना धरून तिथेच बसून राहिला. अर्जेंटिनाने पश्चिम जर्मनीला 3-2 असे हरवले. तो खाली उतरला तेव्हा कुडकुडत एवढेच म्हणाला, “मी मॅच ऐकली.” आपण त्याला एकदाही खाली बोलावले नाही, ही खंत मास्तरांच्या मनात तेव्हापासून राहिली.

पुढे वाहिन्या वाढल्या आणि उत्तरे फुटत गेली. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खाजगी वाहिन्यांनी प्रसार भारतीलाही द्यावे, असा कायदा 2007 साली झाला. पण क्लबांचे बरेच सामने पैसे भरणाऱ्यांपुरतेच राहिले. 2014 साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग आधी स्टारच्या वाहिन्यांवर दिसे; 2023 साली ती स्पोर्ट्स18 आणि जिओसिनेमाकडे गेली; 2025 साली जिओसिनेमाच हॉटस्टारमध्ये विलीन झाला. खेळाडूंनी संघ बदलावेत तसे सामन्यांनी पत्ते बदलले. पूर्वी सामना पाहायला शेजार लागे. आता पासवर्ड लागू लागला.

18 डिसेंबर 2022 च्या रात्री मास्तरांच्या संचावर ती क्रीडावाहिनी घेतलेली नव्हती. जिओसिनेमावर मात्र विश्वचषक विनामूल्य होता. नातवाने पुण्याहून सांगून सांगून आजोबांच्या फोनवर तो सुरू करून दिला. फोन घेऊन मास्तर मित्राकडे गेले. मधुमेहाने मित्राची दृष्टी गेली होती. मास्तर पाहणार आणि सांगणार, असे ठरले होते.

दुसऱ्या गोलाच्या वेळी गल्लीतून आरोळी उठली.

“गोल झाला, मास्तर.”

“कुठं रं? चेंडू अजून मधेच हाय.”

काही क्षणांनी दि मारियाने चेंडू जाळ्यात धाडला. मास्तर थक्क झाले. इंटरनेटवरून येणारे चित्र लहान लहान तुकडे होऊन येते. फोन त्यांतले काही आधी साठवतो आणि मगच दाखवतो. म्हणून ते दूरचित्रवाणीच्या मागे पडते. गल्लीतल्या पडद्यावर जे घडून गेले होते, ते मास्तरांच्या तळहातावर अजून घडायचे होते.

80 व्या आणि 81 व्या मिनिटाला गल्ली लागोपाठ दोनदा हळहळली आणि एम्बापेचे दोन्ही गोल मित्राला आधी कळले. मास्तरांनी सांगावे असे काही उरलेच नव्हते. जादा वेळेअखेर 3-3 अशी बरोबरी झाली. पेनल्टी सुरू होताना मास्तरांनी फोन पालथा ठेवला आणि खिडकी सताड उघडली.

“थंडी येतीया, मास्तर.”

“येऊ दे.”

त्यांनी स्वतःची शाल मित्राच्या खांद्यावर घातली आणि दोघे कान देऊन बसले. एक आरोळी, एक सुस्कारा, पुन्हा आरोळी. मग साऱ्या पेठेतून एकच कल्लोळ उठला आणि थांबेचना. मित्राने चाचपडत मास्तरांचा हात धरला. पालथ्या फोनमध्ये शेवटचा खेळाडू अजून चेंडूकडे निघायचा होता.